जिन्याकडचा डाग: साताऱ्यातल्या एका गच्चीच्या गळतीचं प्रकरण

घरदुरुस्तीच्या कामात गळती हा माझा रोजचा विषय. बहुतेक प्रकरणं आठवड्यात विसरून जातो. हे विसरलो नाही, कारण यात मी दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा घरातल्या काकूंनी मला वाटेवर आणलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कामाचे आकडे माझ्या वहीतले आहेत.

पार्श्वभूमी

साताऱ्याच्या एका उपनगरातला बंगला. तळमजला, वर एक मजला, त्यावर गच्ची. बांधकाम १९९८ चं. काका बँकेतून निवृत्त झालेले, वय ७६. काकू शाळेत शिकवायच्या. मुलगा पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा.

गच्ची साधारण ९०० चौरस फुटांची. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर सिमेंटचा थर आणि चौकटीच्या रेघा. त्या काळातल्या बहुतेक घरांवर हेच दिसतं. कोब्यामुळे गच्चीला ढाळ मिळतो आणि स्लॅबला थेट ऊन लागत नाही. पण वरचा थर एकदा तडकला की आतल्या विटा पाणी पितात आणि आठवडेच्या आठवडे धरून ठेवतात. त्यामुळे पाऊस थांबला तरी छत टिपकत राहतं, आणि पाणी गच्चीवर जिथे शिरलं त्याच्या बरोबर खालीच डाग उमटेल असंही नसतं.

गच्चीच्या एका कडेला जिन्याची टोपी आहे, म्हणजे जिना गच्चीवर उघडतो ती छोटी खोली. तिच्यावर हजार लिटरची काळी टाकी. नळाला एक दिवसाआड पहाटे पाणी येतं, ते जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून अर्ध्या एचपीची मोटर ते वर चढवते. पुढे जे घडलं ते सगळं या एका वाक्यात होतं. मी ते पहिल्या भेटीत ऐकलं आणि वहीत लिहिलंसुद्धा नाही.

अडचण

वरच्या बेडरूमच्या छतावर दोन डाग होते. एक खिडकीकडच्या कोपऱ्यात, परातीएवढा, मध्ये पोपडे सुटलेले, कडेला पांढरा लोणा फुललेला. दुसरा समोरच्या बाजूला, जिन्याच्या भिंतीलगत, लांबट, छतावरून भिंतीवर हातभर उतरलेला. घरात दोन्हींचा उल्लेख ‘गळती’ असा एकवचनी व्हायचा, आणि मीही तो तसाच उचलला.

सुरुवात २०१८ च्या पावसाळ्यात. त्या दिवाळीत खरवडून, पुट्टी भरून रंग दिला. पुढच्या पावसात डाग परत. मग २०१९ आणि २०२० ला तेच. तीन वेळचा खर्च मिळून १३,५०० रुपये. २०२१ च्या मे महिन्यात एका ठेकेदाराने सगळ्या गच्चीवर पांढरं कोटिंग मारून दिलं, ३८,००० रुपयांत, पाच वर्षांच्या तोंडी गॅरंटीवर. पहिला पाऊस कोरडा गेला. दुसऱ्या पावसापर्यंत कोटिंगला पापडासारखे फुगे आले. खालचा कोबा ओलाच होता, कोपऱ्यातलं शेवाळ नीट घासलेलं नव्हतं, आणि आतल्या ओलीला उन्हाने वाफ होऊन बाहेर पडायला वाट नव्हती. ठेकेदाराचा फोन तोवर लागेनासा झाला होता.

मला बोलावणं आलं २०२३ च्या जूनअखेरीस. साताऱ्यात महाबळेश्वरासारखा पाऊस नसतो, पण झड लागली की चार-चार दिवस उघडीप नाही. मी गेलो तेव्हा पलंग खोलीच्या मधोमध ओढलेला होता आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात स्टीलची बादली. दर पाचेक सेकंदांनी एक टिपका. काकूंनी बादलीत फडकं टाकून ठेवलं होतं, रात्री आवाजाने झोप लागत नाही म्हणून. काका शांत झोपायचे, असं त्या सहज बोलून गेल्या. हेही मी ऐकलं आणि सोडून दिलं.

समोरचे पर्याय

काकांनी तीन जणांकडून दर आणून ठेवले होते. मुलाचं मत शेडकडे, काकांचं कोटिंगकडे. काकूंना कोणी विचारलं नव्हतं.

पत्र्याची शेड: २,१०,००० रुपये. आमच्याकडे हल्ली अर्ध्या गावाच्या गच्च्यांवर निळे-लाल पत्रे दिसतात, तेव्हा हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उन्हाळ्यात वरचा मजला थंड राहतो हा फायदा खरा. पण इथे सोलर हलवावा लागला असता, परवानगीचा प्रश्न होता आणि पत्र्याखाली मूळ दोष कुठे आहे ते कधी कळलंच नसतं. वाऱ्याने तिरपा येणारा पाऊस कठड्याला लागतो, तो पत्र्याने अडत नाही. आणि कुरडया कुठे वाळवायच्या, हा काकूंचा प्रश्न होताच.

जुना कोबा फोडून नवा करणं: १,६०,००० रुपये. ९०० चौरस फुटांवर चार इंच जाडीचा कोबा म्हणजे पंधरा-सोळा टन राडारोडा. तो जिन्यावरून घमेल्यांनी उतरवायचा. पंचवीस वर्षांच्या स्लॅबवर ब्रेकर चालवायचा. कोबा सगळीकडे पोकळ झाला असेल तर याला इलाज नाही. पण तसा तो झाला आहे का, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

पुन्हा कोटिंग, यावेळी जाळीसकट: ४२,००० रुपये. आधीचं सोललेलं कोटिंग पूर्ण खरवडायचा खर्च त्यात धरलेला नव्हता.

चौथा पर्याय मी मांडला: आत्ता काहीच करायचं नाही, पाणी नेमकं कुठून शिरतं ते आधी शोधायचं, आणि दुरुस्ती दसऱ्यानंतर.

हा पहिला निर्णयाचा क्षण. काका भडकले. “अहो, छत गळतंय आणि तुम्ही म्हणता थांबा. मग तुम्हाला बोलावलं कशाला?” त्यांचं चुकलं नव्हतं. पण भर पावसात ओल्या कोब्यावर मारलेलं कोणतंही वॉटरप्रूफिंग हे २०२१ चीच पुनरावृत्ती ठरलं असतं. थांबण्याच्या मोबदल्यात एक काम मात्र त्याच दिवशी करून देतो म्हटलं: गच्चीवरचं पाणी बाहेर जाण्याची वाट मोकळी करणं.

गच्चीवर काय सापडलं

खिडकीकडच्या कोपऱ्यात घोट्याएवढं पाणी साचलेलं होतं. पाणी जायची तीन इंची वाट तिथेच, पण दिसत नव्हती. हात घालून चाचपली. शेजारच्या शेवग्याची बारीक पानं कुजून चिखलासारखा लगदा झाला होता. त्यात कबुतरांची पिसं, कपड्यांचे दोन चिमटे आणि जाळीचा गंजलेला तुकडा. लगदा निघाल्यावर पाणी भोवरा करत गेलं. पाण्याखालून जे वर आलं ते जास्त महत्त्वाचं होतं. वाटा, म्हणजे गच्चीचा तळ आणि कठडा यांच्या कोनात दिलेली सिमेंटची गोलाई, तिथे तीन-चार फूट तुटलेली होती आणि फटीत वीतभर पिंपळ उगवला होता.

गच्चीला मुळात दोन पाणवाटा होत्या. दुसरीचं पाणी शेजाऱ्यांच्या अंगणात पडायचं, म्हणून २०१५ मध्ये वाद टाळायला ती सिमेंटने बुजवली होती. त्यानंतर सगळ्या गच्चीचं पाणी एकाच तीन इंची भोकातून जात होतं, आणि ते भोक वर्षातून एकदाही साफ होत नव्हतं.

हे फक्त गळतीपुरतं नाही. राहत्या घरांच्या, लोकांची ये-जा असलेल्या गच्चीचं डिझाइन करताना वापराचा भार साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो धरतात. एक फूट पाणी साचलं तर चौरस मीटरला तीनशे किलोच्या पुढे जातं. तीन फुटी कठड्याच्या गच्चीची वाट तुंबली आणि रात्रभर ढगफुटीसारखा पाऊस झाला तर काय होईल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

त्या दिवशी एवढंच केलं. वाट साफ केली, नवी जाळी बसवली, तुटलेल्या वाट्यावर जाड प्लास्टिक अंथरून विटा ठेवल्या. मजुरीसकट ६०० रुपये. आठवड्याने काकूंचा फोन आला, “टिपकणं थांबलंय. डाग आहे, पण बादली काढली.” ९०० चौरस फुटांच्या शेडचा विषय तिथे संपला.

तपास

दसऱ्यानंतर गच्ची आठ-दहा दिवस कडकडीत वाळू दिली आणि मिस्त्रींना घेऊन गेलो. हातोडीच्या दांड्याने दर फुटाला एक ठोका. घट्ट कोबा टणटण वाजतो, सुटलेला बद्द. “सायेब, हितं बद्द वाजतंय,” असं मिस्त्री म्हणतील तिथे मी खडूने गोल करत गेलो. दोन तासांनी चित्र स्पष्ट झालं: खिडकीकडच्या कोपऱ्यात सुमारे सहा फूट बाय चार फूट पोकळ, जिन्याच्या टोपीच्या पायाशी दीड-दोन फुटांची पट्टी पोकळ, बाकी सगळीकडे कोबा ठणठणीत. फोडाफोडीचे १,६०,००० इथे वाचले.

मग पाण्याची परीक्षा. गच्चीचे तीन भाग करून मातीची आळी बांधली, जशी नव्या स्लॅबवर पाणी मारायला बांधतात तशी. एका वेळी एकाच भागात दोन इंच पाणी भरायचं, ४८ तास ठेवायचं, खाली छत पाहायचं. दोन इंच म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो, स्लॅबला काही त्रास नाही. ज्या भागावर संशय सर्वांत कमी तो आधी घ्यायचा. संशयाच्या जागी आधी पाणी भरलं तर ती ओल पुढे आठवडाभर बाकीच्या परीक्षा नासवते.

मधला भाग, ४८ तास, खाली काही नाही. जिन्याकडचा भाग, ४८ तास, खाली काही नाही. खिडकीकडचा भाग भरल्यावर चौदाव्या तासाला खालचा डाग गडद झाला आणि विसाव्या तासाला थेंब.

इथे दुसरा निर्णयाचा क्षण आला आणि मी चुकलो. जिन्याकडचा भाग भरून ठेवला तेव्हा जिन्याकडचा डाग हलला नव्हता. त्यावरून मी निष्कर्ष काढला की हा डाग स्वतंत्र नाही. खिडकीकडे शिरलेलं पाणी कोब्याखालून सरकत तिथवर जातं, उगम बंद केला की तोही आपोआप वाळेल. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं. मुलाने ऑनलाइन मागवलेलं ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावून पाहिलं. ते ओल आहे म्हणालं, जी आम्हाला डोळ्यांनीही दिसत होती.

नोव्हेंबरचं काम

खिडकीकडचा पोकळ कोबा छिन्नीने, ब्रेकर न लावता, स्लॅबपर्यंत काढला. पिंपळ वरून उपटून उपयोग नसतो, मूळ राहिलं की तो पुढच्या मृगात परत हजर. म्हणून कठड्याचा गिलावा दीड फूट उकलून मूळ शेवटपर्यंत ओढून काढलं. बोटाएवढं जाड होतं आणि हातभर लांब. स्लॅब ब्रशने धुऊन त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात, वर नवा कोबा, ढाळ पाणलेव्हलने तपासून. तीन इंची वाट चार इंची केली. कठड्यालगतचा वाटा गच्चीभर पाहून जिथे जिथे केसाएवढी फट होती तिथे नवा मारला. सात दिवस पाणी मारायचं काम काकांनी घेतलं आणि घड्याळ लावून केलं. खर्च ११,४०० रुपये.

बुजवलेली दुसरी वाट उघडली, पण पाइप भिंतीवरून खाली आणून आपल्याच अंगणात सोडला. ४,२०० रुपये. शेजाऱ्यांना आधी दाखवलं. “हे तेव्हाच का नाही केलं?” असं ते म्हणाले. प्रश्न रास्त होता.

खालून छत ठोकलं तेव्हा डागाच्या मधला गिलावा हातात आला आणि दोन सळया दिसल्या, तांबूस, वरून पापुद्रे सुटलेल्या. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो. आणखी दोन-तीन पावसाळे रंगावर निभावले असते तर हे काम हजारांत राहिलं नसतं. सळया घासून गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरल्या. ३,५०० रुपये.

खोली रंगवायची मात्र नाही, असं मी सांगितलं. एक महिना छत वाळू द्या. काका नाराज, पण थांबले.

कॅलेंडर

डिसेंबरच्या मध्यावर गेलो. खिडकीकडचा कोपरा हाताला कोरडा, गार नाही. जिन्याकडचा डाग होता तसाच. मी म्हणालो, जुनी ओल आहे, कोबा हळूहळू सोडतो, आणखी महिना द्या. सकाळचे अकरा वाजले होते, वर गच्ची उन्हात वाळलेली. जिन्याच्या टोपीच्या भिंतीवर टाकीपासून खाली हिरव्या शेवाळाचा एक पट्टा होता, तो मी पाहिला आणि पावसाळ्याचा समजलो. पाऊस जाऊन दोन महिने झाल्यावर शेवाळ हिरवं कसं राहील, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

काकूंना तो महिना पटला नव्हता. त्या मला काही बोलल्या नाहीत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फोन करून म्हणाल्या, “एकदा येऊन जा, दाखवायचंय.”

स्वयंपाकघरात भिंतीवरचं कॅलेंडर. रोजच्या चौकटीत दुधाचा हिशेब, एक किंवा दीड. त्याच्या खाली काही चौकटींत ‘पा’ आणि काहींत ‘ओ’. पा म्हणजे नळाला पाणी आलं, हे त्या कित्येक वर्षं लिहीत आल्या आहेत. ओ म्हणजे डाग ओला, हे त्यांनी मी गेल्यापासून सुरू केलं होतं. रोज सकाळी नऊला हाताचा तळवा डागावर ठेवून बघायच्या. ‘पा’ असलेल्या जवळजवळ प्रत्येक चौकटीत ‘ओ’ होता. पाणी न आलेल्या दिवशी क्वचित.

मी विचारलं, “टाकी भरली हे कसं कळतं?”

काका म्हणाले, “त्यात काय, वरून पाणी पडल्याचा आवाज येतो. मग मोटर बंद करतो.”

हजारो घरांत हीच पद्धत आहे. माझ्या घरीही होती.

दुसऱ्या पाण्याच्या दिवशी पहाटे पावणेसहाला मी गच्चीवर उभा होतो. सहा वाजून चार मिनिटांनी टाकी भरली. ओव्हरफ्लोच्या तोंडातून पाणी टोपीच्या भिंतीवर पडायला लागलं, हिरव्या पट्ट्यावरून घसरत खाली आलं आणि भिंत व वाटा यांच्या सांध्यात नाहीसं व्हायला लागलं. सांधा गच्चीच्या तळापासून पाच इंचांवर होता. माझ्या परीक्षेतलं पाणी दोन इंच होतं. त्या फटीपर्यंत ते कधी पोहोचलंच नव्हतं.

मोटर बंद झाली सहा बावीसला. अठरा मिनिटं. ओव्हरफ्लोखाली पंधरा लिटरची बादली धरून पाहिली, ३५ सेकंदांत भरली. म्हणजे अठरा मिनिटांत साडेचारशे लिटरच्या पुढे. एक दिवसाआड धरलं तर वर्षातून १८० वेळा. एवढा पाऊस त्या एका फटीवर साताऱ्यात पडत नाही.

खाली आलो. काका मोटरच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. काकू गॅसपाशी. हळू आवाजात म्हणाल्या, “पूर्वी पहिल्या धारेला उठायचे. चार-पाच वर्षं झाली, ह्यांना ऐकू कमी येतं. मी सांगितलं की चिडतात, म्हणून मी नाही सांगत.”

घर १९९८ चं, ओव्हरफ्लो तिथेच तेव्हापासून, आणि गळती २०१८ पासून का, याचं उत्तर ते होतं. पूर्वी मिनिटभर पडणारं पाणी आता पाव तास पडत होतं.

जानेवारीचं काम

सांध्यातला सुटा गिलावा काढून, फट व्ही आकारात कापून, पॉलिमर मॉर्टर भरून एक फूट उंचीपर्यंत नवा वाटा मारला. पोकळ पट्टीही बदलली. २,९०० रुपये. ओव्हरफ्लोला पाइप जोडून तो भिंतीवरून थेट नव्या पाणवाटेत सोडला. ८५० रुपये.

मग टाकी भरल्याचं कळायचं कसं? मी भोंगा बसवून दिला, टाकी भरली की पी-पी वाजणारा, ४५० रुपयांचा. ही माझी दुसरी चूक. वयाने कान जातात तेव्हा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. ते पी-पी काकांना पाण्याच्या आवाजापेक्षाही कमी ऐकू यायचं. तीन दिवसांनी काकूंनीच कळवलं की भोंगा वाजतो, त्या धावतात, आणि काका विचारतात काय झालं. भोंगा काढला आणि टाकीत फ्लोट स्विच टाकला, पाणी ठरावीक उंचीला आलं की मोटर स्वतः बंद करणारा. जोडणीसकट १,६५० रुपये.

काकांच्या कानांबद्दल मी काही बोललो नाही, ते माझं काम नव्हतं. मुलाला मात्र फोनवर १८ मिनिटांचा हिशेब सांगितला. त्याने काय समजायचं ते समजून घेतलं. फेब्रुवारीत काकांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, मार्चमध्ये कानाचं मशीन आलं.

परिणाम

खोली एप्रिल २०२४ मध्ये रंगवली, ६,५०० रुपये. सुरुवातीचे ६०० आणि वाया गेलेला भोंगा धरून सगळा खर्च ३२,०५० रुपये, माझी फी वेगळी. त्याआधी, २०१८ ते २०२१ या चार वर्षांत, रंग आणि कोटिंग यांवर ५१,५०० गेले होते.

२०२४ चा पावसाळा दोन्ही डागांविना गेला. कॅलेंडरवर ‘ओ’ नव्हता. जुलैत एका रात्री झड होती तेव्हा काकांनी दोनदा उठून पाणवाट पाहिली, निसरड्या गच्चीवर, बॅटरी घेऊन. हे कळल्यावर मी त्यांना रागावलो. पाणवाट मेच्या शेवटच्या आठवड्यात साफ करायची आणि मग पावसात दर रविवारी, दिवसाउजेडी, तेही जिन्याच्या दारातून काठीला बांधलेल्या आकड्याने. शेवग्याची फांदी शेजाऱ्यांनी त्यांच्याकडून छाटून दिली.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीत डाग किती आहेत ते मोजेन आणि प्रत्येकाची वेगळी चौकशी करेन. खोलीत दोन डाग दिसले की मन आपोआप त्यांना एक कारण शोधतं, त्यातच सोय वाटते.

गच्चीत पाणी भरून ठेवायची परीक्षा तळापुरती आहे. भिंतीचे सांधे, कठड्याची डोकी, टोपीचा पाया यांवर नळीने वरून धार सोडून वेगळं पाहायला हवं. एक तास जास्त लागला असता आणि काकूंचे दोन महिने वाचले असते.

घरात पाणी कधी येतं, मोटर कोण लावतं, बंद कोण करतं, कशावरून करतं, हे चार प्रश्न आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत. आणि ते घरात दिवसभर वावरणाऱ्या माणसाला विचारायचे. मी सहा महिने काकांशी बोलत होतो, कारण बोलावलं त्यांनी होतं आणि पैसे तेच देत होते.

थांबण्याचा निर्णय मात्र मी परत तसाच घेईन. जुलैत कोटिंगला होकार दिला असता तर माझंही नाव त्या फोन न उचलणाऱ्या ठेकेदाराच्या यादीत गेलं असतं.

एक गोष्ट अजून उरली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॅलेंडरवर दोन ‘ओ’ आले, दोन्ही पश्चिमेचा वारा असलेल्या दिवशी, दोन्ही खिडकीच्या वरच्या भिंतीवर, छतावर नाही. मला वाटतं कठड्याच्या डोक्यावरची फट आहे. काकूंना वाटतं खिडकीच्या छज्ज्याचा सांधा. दसऱ्यानंतर नळी घेऊन जायचं ठरलं आहे, आणि या वेळी धार आधी छज्ज्यावर सोडणार आहे.